पाच असताना सहावे कशासाठी?

माझा एक जुना विद्यार्थी गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेत, मध्यपश्चिमेकडील एका लहानशा गावी राहतो. दर दिवाळीला त्याचे सविस्तर पत्र येते. ते आता संगणकावरून येते एवढाच फरक. हवापाणी, प्रकृती, मुलांचे शिक्षण आणि शेवटी ‘सर, आपले मत कळवावे’ ही सगळी रीत जुनीच आहे. मागच्या पत्रात त्याने शेजारच्या एका कुटुंबाची हकीकत लिहिली होती. पती शाळेत शिक्षक, पत्नी परिचारिका, उत्पन्न बेताचे आणि स्वतःची पाच मुले. २०१९ साली चीनमधील एका बालकगृहातील चार वर्षांची, जन्मतः ऐकू न येणारी मुलगी दत्तक घेण्यास या कुटुंबाला चीनकडून पूर्वसंमती मिळाली. तिचे छायाचित्र आले, वैद्यकीय अहवाल आला आणि घरातली सातही माणसे खुणांची भाषा शिकू लागली. २०२०च्या जानेवारीत साथ आली आणि चीनची दारे बंद झाली. कुटुंब थांबले, एक वर्ष, दोन वर्षे, चार वर्षे. सप्टेंबर २०२४ मध्ये चीन सरकारने परदेशी कुटुंबांना मुले दत्तक देणे यापुढे बंद केल्याचे जाहीर केले. ‘आता त्या घरात खुणांची भाषा जाणणारी सात माणसे आहेत,’ असे त्याने लिहिले होते, ‘आणि जिच्यासाठी ती शिकली, ती आठवी तेथे नाही.’

हे पत्र मी महाविद्यालयातील शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखविले. सगळे क्षणभर गप्प झाले. मग आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी, स्वभावाने अत्यंत कनवाळू, सहज म्हणाले, “सर्व खरे, पण पाच असताना सहावे कशासाठी? आणि तेही चीनमधून?” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न प्रथम येईल, आणि म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न आपल्याला स्वाभाविक वाटतो याचे कारण ‘दत्तक’ या शब्दाचा आपल्याकडील इतिहास होय. दत्तक घेणे ही निपुत्रिकांची गोष्ट, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. वंश चालावा, श्राद्धकर्मे व्हावीत, वतन वा गादी परक्याच्या हाती जाऊ नये, यासाठी मूल घ्यावयाचे. मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे सयाजीराव गायकवाड म्हणून कीर्तिमान झाला. तेव्हा गादीला वारस हवा होता. सातारा १८४८ साली आणि झाशी १८५४ साली दत्तक नामंजूर करून खालसा झाली, तेव्हाही वाद होता तो गादीचा. स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली झालेल्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही ही जुनी दृष्टी टिकून राहिली. मुलगा, नातू वा पणतू हयात असेल त्याने मुलगा दत्तक घेऊ नये आणि मुलगी वा मुलाची मुलगी हयात असेल त्याने मुलगी घेऊ नये, अशी अट त्या कायद्यात आजही आहे. उणीव असेल तेथे भर घालावी, हे या अटीमागील तर्कशास्त्र. ज्या घरात मुलगे आणि मुली दोन्ही आहेत, त्या घराला दत्तकाचे प्रयोजनच उरत नाही.

या सर्व विचारात प्रश्न विचारणारा पक्ष एकच आहे, आणि तो म्हणजे कुटुंब. कुटुंबाला मुलाची गरज आहे काय, असे आपण विचारतो. मुलाला कुटुंबाची गरज आहे काय, हा प्रश्न त्यात कोठे येत नाही. बालन्याय कायद्याने, प्रथम २००० साली आणि मग २०१५ साली, हा दुसरा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या भाषेत आणला. आंतरराष्ट्रीय दत्तकविषयक हेग करारात १९९३ साली तोच मांडला गेला आणि भारताने २००३ साली त्या करारास मान्यता दिली. या दृष्टीने पाहिले म्हणजे पाच मुलांचे कुटुंब अगदी निराळे दिसू लागते. ज्यांना वारस नको, म्हातारपणची काठी नको, लोकांच्या तोंडाला कुलूप घालावयाचे नाही, अशा माणसांनी मूल मागितले तर ते निदान वंशासाठी मागत नाहीत, एवढे निश्चित.

परंतु येथेच थांबलो तर तो भाबडेपणा होईल. चांगला हेतू आणि चांगला परिणाम यांत पुष्कळ अंतर असते, आणि परदेशी दत्तकाचा इतिहास तर या अंतराचाच इतिहास आहे.

त्याचा आरंभही एका मोठ्या कुटुंबापासून होतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात हॅरी आणि बर्था होल्ट हे शेतकरी दांपत्य राहत होते. त्यांना स्वतःची सहा मुले होती. कोरियन युद्धानंतर तेथे मागे राहिलेल्या, अमेरिकी सैनिकांपासून झालेल्या मुलांची स्थिती दाखविणारा एक चित्रपट त्यांनी १९५४ साली पाहिला आणि अशी आठ मुले आपल्या घरी आणावयाचे ठरविले. कायद्याने एका कुटुंबाला दोनच परदेशी अनाथ मुले आणता येत होती. होल्ट दांपत्यासाठी १९५५ साली अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हॅरी होल्ट बारा मुले घेऊन परतले. त्यांतील आठ त्यांच्या घरची. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, त्यांच्या उदाहरणाने जो ओघ सुरू झाला तो पुढे कोणाच्याच हेतूच्या ताब्यात राहिला नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार मुले दक्षिण कोरियातून परदेशी गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे युद्ध संपून तीस वर्षे उलटल्यावर आणि तो देश औद्योगिक प्रगतीचा आदर्श म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकांत शिरत असताना, वर्षाला आठ हजारांवर मुले बाहेर पाठविली जात होती. मार्च २०२५ मध्ये त्या देशाच्याच सत्यशोधन आयोगाने यातील अनेक प्रकरणांत मानवी हक्कांचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला. आईबाप हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद करणे, आईची रीतसर संमती न घेणे, एका मुलाच्या नावाने दुसरे मूल पाठविणे, असे प्रकार कागदपत्रांतून उघड झाले. साठीकडे झुकलेली माणसे आज युरोप-अमेरिकेतून सेऊलला येऊन आपली आई शोधतात, ती या नोंदींमुळे.

असे का घडले, हे समजून घेण्यास अर्थशास्त्राची थोडी मदत होते. १९७८ साली एलिझाबेथ लँडेस आणि रिचर्ड पोझ्नर या दोन अमेरिकी विद्वानांनी एक निबंध लिहिला. दत्तक घ्यावयास मुले मिळत नाहीत, कारण मुलांना किंमत लावण्यास कायद्याची बंदी आहे. किंमत बांधून टाकली की टंचाई होते, टंचाई झाली की रांग लागते आणि रांग लागली की काळा बाजार होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. मात्र केवळ किळस व्यक्त करून या युक्तिवादाचे उत्तर होत नाही. टंचाईचे त्यांनी केलेले वर्णन तर बरोबरच होते. त्यांची चूक पुरवठ्याच्या बाजूला होती. गव्हाला भाव मिळाला की शेतकरी गहू अधिक पेरतो आणि त्यात कोणाचे नुकसान नसते. मुलाला भाव मिळाला की अधिक अनाथ मुले ‘सापडू’ लागतात. ती सापडतात गरीब, एकाकी, अक्षर न वाचता अंगठा उठविणाऱ्या आयांच्या कुशीत. ग्वाटेमालासारख्या लहानशा देशातून २००६ आणि २००७ या दोन्ही वर्षी चार-चार हजारांवर मुले एकट्या अमेरिकेत गेली. तेथे खासगी वकिलांच्या हाती हा सारा व्यवहार होता आणि दर मुलामागे हजारो डॉलर फिरत होते. डिसेंबर २००७ मध्ये नवा कायदा करून ते थांबवावे लागले. पैशाचा ओघ थांबला तेव्हा ‘अनाथ’ मुलांचा ओघही आटला, यातच सर्व आले.

जगात अनाथ किती, याचे जे मोठमोठे आकडे आपण वाचतो त्यांचाही येथे विचार केला पाहिजे. युनिसेफच्या व्याख्येनुसार आई किंवा बाप यांपैकी एकजण गेला तरी मूल अनाथांत मोजले जाते. त्यामुळे त्या कोट्यवधींपैकी बहुतेक मुलांच्या डोक्यावर आई वा बाप यांचे छत्र असते. त्यांना परदेशी पालकांची गरज नसते; त्यांच्या विधवा आईला काम, शिधा आणि शाळेची फी यांची गरज असते. गरिबीमुळे मूल सोडावे लागणे हा दत्तकाचा प्रश्न नसून मजुरीचा प्रश्न आहे.

एवढ्यासाठी मुलाच्या बाबतीत किंमत नको, रांगच हवी, हे मान्य करावे लागते. रांगेचा अनुभव आपल्याला नवा नाही. माझ्या लहानपणी वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदविले होते आणि दूरध्वनीसाठीही. दोन्ही क्रमांकांची चिठ्ठी देवघरातील पोथीत ठेवलेली असे. वर्षे गेली, आम्ही मोठे झालो, पण कारखान्यात आमची वाट पाहणारी स्कूटर काही वयाने वाढत नव्हती. दत्तकाच्या रांगेत नेमके हेच वेगळे आहे. तेथे रांगेच्या दोन्ही टोकांना माणसे उभी असतात. चाळिशीतल्या दांपत्याची चार वर्षे गेली तर ते चव्वेचाळिशीचे होते; चार वर्षांच्या मुलीची चार वर्षे गेली तर तिचे अर्धे आयुष्य बालकगृहात गेलेले असते. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर भाषा शिकण्याची जी वर्षे, तीच ही वर्षे.

म्हणून रांगेतील थांबण्याचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत. पहिला चौकशीचा. मूल खरोखर निराधार आहे काय, आईची संमती खरी आहे काय, देशातच घर मिळते काय, आणि घेणारे कुटुंब पेलणारे आहे काय, या चौकशीला वेळ लागतो आणि तो लागलाच पाहिजे. मोठ्या कुटुंबाच्या बाबतीत शेवटचा प्रश्न अधिक बारकाईने विचारणे योग्यच ठरेल. पाच मुलांच्या आईबापांना सहाव्यासाठी दिवसाचे किती तास उरतात? आधीच्या मुलांचे मत काय? आजारपण आले तर खर्च कोठून? उत्साहाच्या भरात आणलेली मुले पेलवत नाहीत म्हणून परस्पर दुसऱ्यांच्या हवाली करण्याचे प्रकार अमेरिकेत घडले असल्याचे एका वृत्तसंस्थेने २०१३ साली उघडकीस आणले होते, आणि त्यांतील बरीचशी मुले परदेशातून आणलेली होती. तेव्हा या चौकशीत गेलेला वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये. तो मुलाच्या सुरक्षिततेचा विमा आहे आणि त्याचा हप्ता मोठ्या माणसांनी निमूटपणे भरावा.

दुसऱ्या प्रकारचे थांबणे हे केवळ दिरंगाईचे वा राजकारणाचे असते. त्याने कोणाचे रक्षण होत नाही आणि त्याचा हप्ता मूल भरते. रशियाने अमेरिकेशी झालेल्या भांडणात डिसेंबर २०१२ मध्ये कायदा करून अमेरिकी कुटुंबांना मुले देणे बंद केले. काही कुटुंबे मुलांना भेटून आली होती आणि शेवटचे कागद तेवढे बाकी होते; त्यांनाही वगळले नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये या बंदीत केवळ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव झाल्याचा निर्णय दिला, पण तोपर्यंत चार वर्षे गेली होती. चीनचेही तसेच. १९९२ पासून सुमारे १ लाख ६० हजार मुले बाहेर पाठविल्यानंतर, एका मुलाचे सक्तीचे धोरण २०१५ साली सोडून दिल्यानंतर आणि जन्मांची संख्या घटत चालली असताना, आपली मुले आपल्याच देशात वाढावीत असे चीनला वाटले तर त्यात गैर काही नाही. किंबहुना, प्रत्येक देशाने अखेर तेथेच पोहोचावयास हवे. नवी नोंदणी बंद करणे हा चीनचा अधिकार होता. मात्र साथीपूर्वी ज्यांची जुळणी झाली होती अशी शेकडो कुटुंबे थांबली होती आणि तितकीच मुले थांबली होती. त्यांतील अनेक मुले आजारी वा अपंग होती. त्यांना देशात घर मिळाले नव्हते म्हणूनच ती या यादीत आली होती. सर्वसाधारण धोरणाच्या एका वाक्याने ही जुळलेली नाती तोडणे हा धोरणाचा भाग नव्हे. ती निव्वळ बेपर्वाई आहे.

दुसऱ्या देशांचे दोष मोजणे सोपे असते. आपल्या घरातील स्थिती काय आहे? आपल्याकडे परदेशी दत्तकाची शिस्त १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात घालून दिली. एका वकिलाच्या पत्रावरून न्यायालयाने हे प्रकरण हाती घेतले होते. प्रथम देशातील कुटुंब आणि तेथे घर न मिळाल्यासच परदेशी, हा क्रम तेव्हापासून आपण मानतो आणि तो योग्यच आहे. २०२४-२५ या वर्षी देशात ४,५१५ मुले दत्तक गेली. त्यांतील ४,१५५ देशातच. ही समाधानाची गोष्ट आहे. पण याच रांगेचे दुसरे टोक पाहावे. २०२२ सालच्या संसदीय समितीच्या अहवालानुसार डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे २८ हजार पालक नोंदणी करून थांबले होते आणि थांबण्याचा काळ तीन वर्षांवर गेला होता. दत्तक देण्याजोगी ६,९९६ मुले संस्थांत होती. तथापि ‘कायदेशीरदृष्ट्या मुक्त’ असा शिक्का त्यांतील २,४३० मुलांनाच मिळाला होता. उरलेली मुले कागदाअभावी अडकली होती. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत हा निर्णय दोन महिन्यांत आणि मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत व्हावा, असे कायदाच सांगतो. २०२१ सालच्या दुरुस्तीने दत्तकाचा अंतिम आदेश देण्याचे काम न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, ते विलंब टळावा म्हणून. परंतु टेबल बदलल्याने फाईल आपोआप चालू लागत नाही, हे आपल्या वाचकांतील कारकून मित्रांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आपल्या २०२२ सालच्या दत्तक नियमांतील एक तरतूद तर प्रस्तुत विषयाशी थेट संबंध ठेवणारी आहे. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत अशा दांपत्यास, नातेवाइकांचे वा सावत्र मूल सोडल्यास, विशेष गरजा असलेले किंवा ज्याला घर मिळणे अवघड आहे असेच मूल घेता येते. निरोगी बालकासाठी अपत्यहीन दांपत्यांची लांब रांग असता हा नियम न्याय्य आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो वैध ठरविला आहे. मात्र त्याचा एक अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. ज्या मुलांकडे आपल्यातील बहुतेक दांपत्ये पाठ फिरवितात, त्यांच्यासाठी आपला कायदा ज्या घराकडे पाहतो, ते हेच मुलाबाळांनी भरलेले घर होय. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांत विशेष गरजा असलेल्यांचे प्रमाण मोठे असते याचेही कारण तेच. आपण गोरे, निरोगी आणि तान्हे मूल मागतो. ते अमेरिकी शिक्षक आणि ती परिचारिका ऐकू न येणारी चार वर्षांची मुलगी मागतात. अशा वेळी ‘सहावे कशासाठी’ हा प्रश्न त्यांना विचारण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो?

यावर उपाय काही गूढ नाहीत. मूल देणाऱ्या संस्थेचे उत्पन्न दिलेल्या मुलांच्या संख्येवर अवलंबून राहता कामा नये. आईने मूल सोडण्यापूर्वी तिला सहा महिन्यांचा आधार देण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात असावी, म्हणजे सोडले गेलेले मूल खरोखर सोडले गेलेले असेल. प्रत्येक मुलाच्या जन्माची व आईची नोंद जपून ठेवावी. कोरियातील प्रौढांचे दुःख तरी पुढे टळेल. जुळणी झाल्यावर सुरू होणारी मुदत मुलाच्या वयाच्या हिशेबाने आखावी आणि ती पाळणाऱ्या अधिकाऱ्यास जबाबदार धरावे. धोरण बदलावयाचे असेल तर ते पुढच्यांसाठी बदलावे. ज्या मुलाला कुटुंबाचे नाव सांगून झाले आहे त्याचे प्रकरण एकेक करून पाहावे आणि निकालात काढावे.

विद्यार्थ्याने ‘आपले मत कळवावे’ असे लिहिले होते. हे मत मी त्याला कळविले, आणि आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही वाचून दाखविले. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “माझा प्रश्न मी आईबापांना विचारला होता. तो त्या मुलीला विचारावयास हवा होता.” एवढे बोलून ते तासाला निघून गेले. ती मुलगी आता दहा वर्षांची असेल. आपल्यासाठी दूर कोठे तरी एक घर बोलावयास शिकले आहे, हे तिला कोणी सांगितले असेल की नाही, कोण जाणे.